तिपेडीचा शेवट

दादाने चौथ्यांदा ते रेकॉर्डिंग लावलं आणि चौथ्यांदा मध्येच बंद केलं.

"आपलीच आहे," तो म्हणाला. "अजून कुणाला शंका आहे?"

धून आपलीच आहे याबद्दल कुणालाच शंका नव्हती. शंका होती ती एकमेकांबद्दल. रविवारी सकाळी दहापासून सहा माणसं सरावाच्या खोलीत बसून होती आणि कुणीही दुसऱ्याच्या डोळ्याला डोळा देत नव्हतं. आवाज घुमू नये म्हणून त्या खोलीच्या भिंतींना जुने गालिचे ठोकलेले होते, त्यामुळे एरवीही तिथे बोललेलं वाक्य तिथेच पडून राहिल्यासारखं वाटे. आज तर एकेक वाक्य ओलांडून जावं लागत होतं.

आत्या खिडकीपाशी बसली होती. घरातली तरुण मंडळी तिला आत्या म्हणत, दोघे भाऊ चिमी म्हणत, आणि गल्लीच्या तोंडाशी तिचं व्हायोलिन दुरुस्तीचं दुकान होतं तिथली गिऱ्हाइकं नुसतंच बाई म्हणत. वय अठ्ठावन्न, लग्नाच्या भानगडीत पडली नव्हती, आणि नखांखाली कायम थोडा सरस वाळलेला. घरात ती सगळ्यांत कमी बोले, म्हणून सगळ्यांना वाटे की ती कुणाच्याच बाजूची नाही. तसं काही नव्हतं. पहिल्यांदा रेकॉर्डिंग ऐकलं तेव्हाच तिने निकाल लावून टाकला होता. हे काम दादाच्या सुनेचं होतं.

"माझा भाग तरी पुरता ऐकू दे," धाकटा म्हणाला. "दर वेळी माझ्यापाशी आलं की तू बंद करतोस."

"काय ऐकायचंय त्यात? चोरीला गेलेलं समजलं, बास."

"चोरीला जायच्या आधी तरी कुठे ऐकत होतास?"

दादा बासष्टचा, धाकटा पंचावन्नचा. दादा त्या वाद्याला व्हायोलिन म्हणे आणि खुर्चीत ताठ बसून संथ शास्त्रीय सूर लावी. धाकटा त्यालाच फिडल म्हणे, उभा राहून पाय आपटत नाचाच्या धुना वाजवी, आणि कुणी बोलावलं की कुठेही जाई. वाद्य एकच होतं, भांडण मात्र दोन पिढ्या पुरेल एवढं होतं. त्या भांडणातूनच अण्णांनी, म्हणजे या तिघांच्या वडिलांनी, घरचा ताफा उभा केला होता. दादाच्या संथ सुरांतून अलगद धाकट्याच्या नाचात उतरायचं आणि मधला पूल आत्याने सांभाळायचा, अशी त्याची रीत. पुढे दादाचा मुलगा जाझ घेऊन आला. दोन वर्षांपूर्वी त्याने लग्न केलं आणि सून आली, ती संगीत विद्यालयात बारा वर्षं कागदावरून वाजवायला शिकलेली. पाच व्हायोलिनं झाली. लोक म्हणत, अशी मिसळण कुठे ऐकली नाही.

आणि तिपेडी तर लोकांनी कधीच ऐकली नव्हती.

अण्णांनी ती बांधली होती ती वेणीसारखी, तीन पेडांची. मुलाला बारावं सरलं की मागच्या खोलीत न्यायचं, दार लावायचं आणि एकच पेड शिकवायचा. पहिला दादाला, दुसरा आत्याला, तिसरा धाकट्याला. लिहायचं काही नाही, एकमेकांना ऐकवायचं नाही. तिघांनाही एकाच वेळी मनापासून वाटेल त्या दिवशी जोडा, असं सांगून अण्णा अकरा वर्षांपूर्वी गेले. मनापासून वाटायला तिघांना इतकी वर्षं लागली. गेल्या महिन्यात दादाच्या डाव्या हाताची दोन बोटं आखडायला लागली, तेव्हा त्यानेच विषय काढला, आणि याच खोलीत दार लावून तिपेडी पहिल्यांदा जोडली गेली. येत्या गुरुवारी ताफ्याला चाळीस वर्षं पुरी होत होती. सभागृह भरलं होतं. 'घराबाहेर कधीही न वाजलेली' असं पत्रकावर छापलं होतं.

आणि काल भाचा, म्हणजे दादाचा मुलगा, गाडी चालवत असताना रेडिओवर ती वाजली. चार जणांचा कुठलासा नवा ताफा. गाडी बाजूला घेऊन त्याने फोनवर जमेल तेवढं टिपलं. निवेदिका गोड आवाजात म्हणाली होती, 'ही होती एक पारंपरिक धून.'

"पारंपरिक!" दादाने फोन टेबलावर आपटला. फोन मुलाचा होता, पण कालपासून त्याने तो परत दिला नव्हता. "म्हणजे गुरुवारी आपण वाजवली की लोक म्हणणार, या म्हाताऱ्यांनी पोरांची ढापली."

"जोडलेली धून सहा जणांनीच ऐकलीय," वहिनी म्हणाली. दादाची बायको. ताफ्यात नव्हती, पण ताफ्याचे कपडे, गाड्या, तारखा आणि रुसवेफुगवे सगळं तिच्याकडे. "भिंतींना तर आपण गालिचे ठोकलेत."

सहाही जणांनी मनातल्या मनात पाच जणांची उजळणी केली.

"धाकट्या, तू कुठे कुठे वाजवत फिरतोस?" दादा म्हणाला.

"आलं का माझ्यावर? मी फिरतो, पण माझ्याकडे तुझा पहिला पेड येतो कुठून? जोडून महिना झाला नाही. मला एकदा ऐकून येत नाही रे सगळं. ज्यांना लगेच टिपून घ्यायची सवय आहे त्यांना विचार."

तो सुनेकडे न बघता हे म्हणाला, त्यामुळे बाकी सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. ती भाच्याशेजारी हात मांडीवर ठेवून बसली होती.

"काका, सरळ माझं नाव घ्या ना," ती म्हणाली.

"मी कुणाचं नाव घेतलं?"

"नाही घेतलंत, तेच म्हणतेय."

"तिचे जुने मित्र आहेत ना त्या नव्या पोरांत?" वहिनीने अगदी सहज विचारलं. वहिनी काहीही सहज विचारत नसे.

"एक जण विद्यालयात माझ्या मागच्या वर्गात होता, आई. आठ वर्षांत भेटलेला नाही."

"आठ वर्षं लक्षात बरी आहेत."

भाचा उठला. "आई, पुरे. ती ताफ्यातली आहे."

"ताफ्यातले तर सगळेच आहोत," दादा म्हणाला. "म्हणूनच घरातला माणूस शोधतोय."

आत्याच्या मनात केव्हाची पाल चुकचुकत होती. दहा-बारा दिवसांपूर्वी तिने सुनेच्या खोलीवरून जाताना तिला खाली मान घालून काही लिहिताना पाहिलं होतं, आणि पावलं ऐकून वही मिटली गेली होती. सुनेची बोटं स्वच्छ पडत, सूर कधी चुकत नसे, आणि जो कधीच चुकत नाही तो काहीतरी लपवतो असं आत्याला दोन वर्षं वाटत आलं होतं. खरं सांगायचं तर सून आल्यापासून मधला पूल सांभाळायला आत्याची गरज कमी झाली होती. पण हे ती स्वतःशीही कबूल करत नसे.

खोलीतून बाहेर पडताना तिने दादाला जिन्यात गाठलं. "ती लिहिते," एवढंच म्हणाली. "मी पाहिलंय."

दादा थांबला. "तिचं व्हायोलिन तुझ्याकडेच आहे ना? तारांखालची घोडी बदलायला?"

"कालपासून. पेटीसकट."

"बघ मग," दादा म्हणाला आणि वर गेला.

*

दुकान म्हणजे एक लांबट खोली. समोर गिऱ्हाइकाला बसायला बाक, मग फळीचं टेबल, त्यामागे दोरीवर मानेने टांगलेली आठ-दहा व्हायोलिनं. रविवारी दुकान बंद असे. आत्याने दार अर्धं ओढून घेतलं, दिवा लावला आणि सुनेची पेटी टेबलावर घेतली.

आजवर हजारभर पेट्या तिच्या हाताखालून गेल्या होत्या. पेटीत माणसं काय काय ठेवतात! राळ आणि जादा तारा सोडाच, प्रेमपत्रं, औषधाच्या गोळ्या, एका गृहस्थाने तर कवळी ठेवली होती. आत्या व्हायोलिन काढून घेई आणि पेटीच्या कप्प्यांना कधी बोट लावत नसे. हा तिच्या धंद्याचा नेम होता, कुणी न शिकवलेला. त्या दिवशी तिने तो मोडला आणि मोडताना तिचा हात अजिबात अडखळला नाही.

वही झाकणाच्या अस्तरामागे होती. पाच रेघांवर काळ्या टिकल्या, पानामागून पान. आत्याला त्या वाचता येत नव्हत्या. घरात सगळे कानाने शिकलेले, कागद बघून वाजवणं म्हणजे त्यांच्या लेखी चष्मा लावून जेवण्यासारखं. पण पानांवर आकडे होते. १, २, ३. तीन पेड.

गड सर केल्यासारखा आनंद झाला तिला. लाज वाटायला हवी होती, पण झाला आनंदच.

"आत्या?"

सून दारात उभी होती. घोडी बसली असली तर व्हायोलिन न्यायला आली होती बहुतेक. तिने उघडी पेटी पाहिली, उलटलेलं अस्तर पाहिलं, आणि मग वही.

"हे काय आहे?" आत्याने विचारलं. चोरी पकडणाऱ्याचा आवाज तिला आयता सापडला होता.

"तिपेडी. मी लिहून काढलीय."

"लिहायची नाही, हे सांगितलं होतं तुला."

"हो. पण लिहिल्याशिवाय माझ्या डोक्यात राहत नाही, आत्या. तुम्हा सगळ्यांसारखे कान नाहीत मला. एवढ्या मोठ्या कार्यक्रमात माझ्यामुळे चूक नको, म्हणून लिहिलं. कुणाला दाखवलेली नाही. त्यांनासुद्धा नाही."

'त्यांना' म्हणजे नवऱ्याला. नवऱ्यापासूनही लपवलं म्हणजे बघा, असं आत्याच्या मनात आलं. खरं बोलणाऱ्याचं खरं कसं दिसतं ते तिला त्या क्षणी कुणी दाखवलं असतं तरी दिसलं नसतं.

"संध्याकाळी सगळ्यांसमोर सांग," ती म्हणाली आणि वही स्वतःच्या पिशवीत टाकली.

सून निघाली. जाताना दार तिने आत्याने ओढलं होतं तेवढंच ओढून घेतलं.

*

संध्याकाळी सहाला सगळे पुन्हा त्याच खोलीत जमले. टेबलावर फोन होता आणि फोनशेजारी वही.

"बघा," दादा म्हणाला. रागापेक्षा सुटका झाल्यासारखा दिसत होता. सकाळी संशय भावावर होता, मुलावर होता. आता तो बाहेरून आलेल्या माणसावर स्थिरावला होता, आणि तिथे त्याला बसायला ऐसपैस जागा मिळाली होती. धाकटाही दादाच्या शेजारी जाऊन बसला. सकाळी एकमेकांवर गुरगुरणारे दोघे आता खांद्याला खांदा लावून होते.

"तू मला सांगितलं नाहीस?" भाच्याने बायकोला हळूच विचारलं.

"सांगितलं असतं तर तुलाही लपवावं लागलं असतं."

"गुरुवारी ही वाजवणार नाही," दादा म्हणाला. "आणि गुरुवारनंतरही नाही. घरात राहायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. मी जा म्हणणार नाही, राहा असंही म्हणणार नाही."

"मग मीही वाजवणार नाही," भाचा म्हणाला.

"अरे!" वहिनी उठली. तिचा हिशेब असा नव्हता. सुनेला एक धडा मिळावा इतपतच ती तयार होती, मुलगा हातचा जावा याला नाही. "अहो, जरा दमानं घ्या. वही सापडली म्हणजे वही बाहेर गेली असं थोडंच आहे?"

"सकाळी तूच मित्र काढलास ना तिचा?"

"मी नुसतं विचारलं."

आपलं काम झालंय असं आत्याला वाटत होतं.

तेव्हा सून बोलली. शब्द नेमके होते. "वही माझी आहे, लिहायला नको होती, चुकलं. पण ते रेकॉर्डिंग माझ्या वहीतून गेलंय की नाही हे ताडून बघता येईल. हे म्हणत होते, गाडीत ऐकताना शेवट जरा वेगळा वाटला. बाबा, तुम्ही सकाळपासून शेवटपर्यंत एकदाही जाऊ दिलं नाही. मी वहीतून तिसरा पेड वाजवते, मग रेकॉर्डिंग लावा. काकांनी सांगावं."

"नाटकं नकोत," दादा म्हणाला.

"ऐकू दे की," धाकटा म्हणाला. "माझा पेड आहे. सकाळपासून तेच म्हणतोय मी."

सुनेने नवऱ्याचं व्हायोलिन घेतलं, त्याला वही समोर धरायला लावली आणि तिसरा पेड वाजवला. धावता, नाचरा, शेवटी वर वर चढत जाऊन टोकाच्या सुरावर कट्‌कन तुटणारा. धाकट्याचा पाय आपोआप जमिनीवर पडत होता.

"बरोब्बर," तो म्हणाला. "जरा इस्त्री केल्यासारखं वाजवतेस, पण सूरन्‌सूर माझा."

दादाने फोनवर रेकॉर्डिंग लावलं. या वेळी त्याने हात मागे घेतला. पहिला पेड सरला, दुसरा सरला, तिसरा सुरू झाला. रस्त्यावरच्या गाड्यांच्या आवाजातून ती पोरं झोकात वाजवत होती. आणि शेवटी, जिथे वर चढायचं, तिथे धून दोन पायऱ्या खाली उतरली आणि सगळ्यांत जाड, मोकळ्या तारेवर येऊन शांत बसली.

"हे माझं नाही," धाकटा म्हणाला. "हे कुणाचंच नाही. असा शेवट आहेच कुठे?"

आत्याने तो ओळखला.

असा शेवट होता. जगात एकाच माणसाला तो येत होता, कारण एकाच माणसाने तो रचला होता. धाकट्याला बारावं सरलं तेव्हा ती पंधराची होती. रोज दुपारी मागच्या खोलीच्या दाराला कान लावून उभी राही. त्याआधी आठ वर्षांची असताना दादाच्या वेळीही उभी राहिली होती. आपल्याला एकच पेड आणि बाकीचे का नाहीत, याचा तिला भयंकर राग होता. तिसरा पेड तिने दारामागून उचलला, फक्त शेवट सोडून. कारण शेवट आला की शिकवणी संपे, अण्णांची खुर्ची करकरे आणि तिला पळावं लागे. म्हणून शेवट तिने स्वतःच्या मनाने लावून टाकला होता. गेल्या महिन्यात धाकट्याने खरा शेवट वाजवला तेव्हा क्षणभर तिला वाटलं होतं, हा चुकला.

"चोर खुणा पुसतोच," दादा म्हणत होता. "शेवट मुद्दाम बदलून दिला असणार. यात काही सिद्ध होत नाही."

"बाबा, मी बदलून दिला असता तर..."

"मला वाद घालायचा नाही."

सुनेने व्हायोलिन नवऱ्याच्या हातात दिलं. तिने टेबलावरून वही उचलली आणि ती दाराकडे वळली. भाचा तिच्या मागे निघाला.

आत्याला कळत होतं की गप्प बसलं तर कुणाला कधीच पत्ता लागणार नाही. त्या शेवटाची ओळख पटवणारा दुसरा माणूसच नव्हता. साठीला आलेल्या बाईने सगळ्यांसमोर काय सांगायचं? की मी दाराला कान लावायची?

"थांब गं," ती म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा आला. "ते व्हायोलिन दे इकडे."

भाच्याने दिलं. आत्याने ते खुर्चीत बसूनच हनुवटीखाली घेतलं, दुकानात घेते तसं, जरा तिरकं, कान लाकडाजवळ. आणि तिपेडी वाजवली. भावना वगैरे काही न घालता, भराभर. पहिला पेड जाड तारांवर, दुसरा मधल्या, तिसरा बारीक तारांवर, आणि शेवटी दोन पायऱ्या उतरून पुन्हा मोकळ्या जाड तारेवर. दीड मिनिटात सगळं.



"माझी तपासणी आहे ही," ती म्हणाली. "दुरुस्ती झाली की वाजवून बघावं लागतं. सगळ्या तारा, सगळी बोटं, हळू, मध्यम, जलद. यात सगळं येतं. तीस वर्षं प्रत्येक व्हायोलिनवर वाजवतेय. मला ती तिपेडी आहे हेसुद्धा आता आठवत नाही रे दादा. हात वाजवतात. मी आपली कुठे काही झणझणतंय का तेवढंच ऐकत असते."

"पण तुला तिन्ही..." दादाने विचारलं.

"दाराला कान लावून. तुझ्या वेळी आणि याच्याही वेळी. शेवट ऐकायच्या आत पळायची, म्हणून शेवट माझा."

"आणि ती पोरं?"

"त्यातला एक जण दोन महिन्यांपूर्वी आला होता. खुंट्या घसरत होत्या त्याच्या. बाकावर बसून होता. म्हणाला, कुठली धून ही? मी म्हटलं, कुठली नाही, तपासणीची." आत्याने व्हायोलिन मांडीवर ठेवलं. "पुन्हा वाजवता का म्हणाला. वाजवली. दोनदा."

"दोन महिन्यांपूर्वी आपण जोडलीसुद्धा नव्हती," वहिनी म्हणाली.

"हो. तेव्हा हिने ऐकलीही नव्हती. सकाळपासून मी हिच्याकडे बोट दाखवतेय आणि धून गेलीय माझ्या दुकानातून."

आधी धाकटा हसला. हसता हसता डोळे पुसायला लागला आणि मग पुसतच राहिला. "म्हणजे चिमे, तुला आम्ही लागतच नव्हतो. मला वाटायचं, तुमच्याशिवाय माझं अर्धं गाणंही नाही. किती वेळा निघून जावंसं वाटलं मला या घरातून, तिपेडीपायी थांबलो."

दादा खाली बसला होता. "मला वाटायचं तुम्ही दोघं तुमचे पेड एकमेकांना शिकवाल आणि मला वगळाल," तो म्हणाला. "म्हणून मी माझा न्हाणीघरात वाजवायचो. नळ सोडून."

"मी गाडीत," धाकटा म्हणाला. "काचा लावून."

"आणि मी चौतीस वर्षं न्हाणीघराच्या भिंतीपलीकडे स्वयंपाक करतेय," वहिनी म्हणाली. "पहिला पेड मला तोंडपाठ आहे. गालिचे न्हाणीघरात ठोकायला हवे होते, अहो." आणि तिने तो गुणगुणून दाखवला, बराचसा बरोबर.

मग सगळेच हसले. दिवसभराचं ओझं उतरल्यासारखं मोकळं, मोठ्याने. भाचाही हसला. गुरुवारी सभागृहात आधी सरळ सांगून टाकायचं, की ही आमच्या वडिलांची आणि ती आमच्याच बहिणीच्या दुकानातून बाहेर पडली, असं दादा आणि धाकट्याने दोन मिनिटांत ठरवलंसुद्धा. शेवट कुठला घ्यायचा यावर लगेच भांडायलाही लागले. आत्याला हलकं वाटत होतं. एवढं सोपं असतं हे, असं तिला वाटलं.

सून हसत नव्हती. ती दारापाशीच उभी होती.

"सूनबाई," दादा म्हणाला. माफी मागायची सवय नसलेल्या माणसाला शब्द शोधावे लागतात, ते त्याला सापडत नव्हते. "ती वही... असू दे तुझ्याकडे. उद्यापासून सरावाला घेऊनच बस. वाजवशील ना गुरुवारी?"

"वाजवीन, बाबा."

"मनावर घेऊ नकोस."

ती आत्याजवळ आली आणि म्हणाली, "आत्या, माझं व्हायोलिन आणि पेटी द्याल? आत्ताच नेते."

"अगं, घोडी अजून बसवायचीय. उद्या सकाळी देते, पहिलं तेच काम."

"नको. पुलापलीकडे एक दुकान आहे, तिथे टाकते."

आत्याला ते दुकान माहीत होतं. गावातलं दुसरं एकच होतं. "तो? तो घोडी नीट घासतसुद्धा नाही. सरसाचे ओघळ ठेवतो. माझ्याइतकं..."

"माहितेय," सून म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि आत्याला तो असता तर बरं वाटलं असतं. "काम तुमच्यासारखं नाही करत. पण तो व्हायोलिन काढून घेतो आणि पेटी तिथल्या तिथे माझ्या हातात परत देतो."

मागे दोघे भाऊ अजून शेवटावरून भांडत होते. आत्याने पिशवीतून दुकानाची किल्ली काढली आणि जिना उतरायला लागली.